फ्रेम आपली कशी होते: एसटी स्टँडवरचे सहा रविवार

‘माझी स्वतःची शैली कशी सापडेल?’ असं विचारणारे बहुतेक जण एकाच क्रमाने चुकतात. आधी प्रीसेट, म्हणजे एका क्लिकमध्ये फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंग, विकत घेतात. मग रूल ऑफ थर्ड्‌सची (फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करणारी) जाळी चालू करून प्रत्येक माणूस उजव्या रेघेवर नेऊन बसवतात. मग आवडत्या फोटोग्राफरसारखं काही दिसेपर्यंत गावभर फिरतात. आणि आपले जुने फोटो एकत्र पसरून बघायचं काम कधी करतच नाहीत.

हा क्रम उलटा करायचा आहे. सुरुवात पायांपासून, म्हणजे तुम्ही कुठे आणि किती उंचीवर उभे राहता इथून. त्यानंतर फ्रेमच्या कडा. त्यानंतर मागचं दृश्य, आणि माणूस त्याच्याही नंतर. मग प्रिंट काढून जमिनीवर मांडायचे. रंगांचा विचार अगदी शेवटी. खालची पद्धत सहा रविवारांची आहे आणि ती मी एसटी स्टँडवर बेतली आहे. माझ्या तालुक्याच्या स्टँडवर मी स्वतः ती दोनदा केली, पहिल्यांदा चुकीच्या क्रमाने.

एसटी स्टँडच का? खांब, फलाट, बाकं, चौकशीची खिडकी जागची हलत नाहीत, आणि माणसं दर वीस मिनिटांनी बदलतात. शिवाय गाडीची वाट बघणारा माणूस थांबलेला असतो, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. मंडई, मासळीचा धक्का, गावातलं गुऱ्हाळ, काहीही चालेल. मात्र जागेत हे दोन्ही हवं: न हलणारा साचा आणि बदलती माणसं. लग्न आणि जत्रा यासाठी वाईट. तिथे सगळंच हलतं आणि मग तुम्ही फक्त धावता.

तयारी: घरून निघण्याआधी चार गोष्टी बंद करा

झूम बंद. एकच फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा, किती रुंद दिसणार ते त्यावर ठरतं), सहाही रविवार. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिमी. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर असेल तर १.५ किंवा १.६ ने गुणून हिशेब करा: ३५ मिमीची लेन्स तिथे साधारण ५० सारखी दिसते, २४ ची ३५ सारखी. झूमचीच लेन्स असेल तर आकड्यावर कागदी चिकटपट्टी लावा. मोबाइल असेल तर मुख्य कॅमेरा ‘१ एक्स’वर ठेवा. बहुतेक मोबाइलचा हा कॅमेरा २४ ते २६ मिमीइतका रुंद बघतो, म्हणजे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळ जावं लागणार. जवळ गेल्यावर आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारणारी मॅक्रोची सोय असेल तर तीही बंद करा.

रंग बंद. स्क्रीनवर कृष्णधवल दिसेल असं ठेवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न झालेली फाइल) काढत असाल तर रंग आत शाबूत राहतात, फक्त डोळ्यांसमोर येत नाहीत. नुसती जेपेग काढत असाल तर रंग कायमचे जातात, म्हणून ‘रॉ अधिक जेपेग’ निवडा. एसटीचा लाल रंग फार दगाबाज आहे. तो फ्रेममध्ये असला की फोटो जमल्यासारखा वाटतो आणि कंपोझिशनमधली, म्हणजे फ्रेमच्या मांडणीतली, ढिलाई झाकली जाते.

प्रमाण बदलणं बंद. ३:२ किंवा ४:३, जे असेल ते. चौरस करून टाकायची सवय असेल तर लक्षात घ्या, आडव्या ३:२ फ्रेमचा चौरस केला की एक तृतीयांश चित्र फेकलं जातं. कडांचा अभ्यास करताना कडाच फेकून दिल्या तर काय उरलं?

सेटिंगची काळजी बंद. छपराखाली सावली आणि बाहेर ऊन, त्यामुळे उजेडाचा फरक मोठा असतो. शटर १/२५०, एफ ८, आयएसओ ऑटो, आणि उन्हातला भाग पांढराफटक होत असेल तर एक्सपोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा. मोबाइलवर उजळ भागावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस तिथे अडकून राहतात.

> परवानगी: पहिल्याच दिवशी कंट्रोलरच्या खोलीत जाऊन सांगा, ‘सहा रविवार येणार आहे, शिकण्यासाठी फोटो काढतोय.’ तोंडी परवानगीवर भागत नसेल तर स्थानकप्रमुखांना अर्ज द्या. ज्याने हाताने ‘नको’ म्हटलं त्याचा फोटो काढायचा नाही, काढला असेल तर समोर पुसून टाकायचा. झोपलेल्या बायका आणि एकटी लहान मुलं यांचे फोटो अजिबात नकोत.

> सावधान: फलाटाला नाक लावून उभी असलेली एसटी निघताना आधी मागे येते. गाड्यांच्या मागच्या मोकळ्या जागेतून छान दृश्य दिसतं हे मला माहीत आहे. तिथे उभं राहायचं नाही. कंडक्टरच्या शिट्टीवरही भरवसा ठेवू नका.

टप्पा १. पहिला रविवार: कॅमेरा पिशवीतच

हा दिवस जवळजवळ सगळे गाळतात आणि पुढचे पाच रविवार त्याची किंमत मोजतात. दोन तास नुसतं बसा. वहीत स्टँडचा कच्चा नकाशा काढा: फलाट, खांब, बाकं, रसवंती, पाण्याची टाकी. छपराची सावली जमिनीवर कुठे संपते ती रेघ आठ वाजता, दहा वाजता आणि शक्य झालं तर संध्याकाळी पाचला नकाशावर ओढा. माणसं त्या रेघेच्या कुठल्या बाजूला उभी राहतात तेही लिहा. (उन्हाळ्यात आत, थंडीत बाहेर. हसू नका, यावर पुढचा अर्धा कार्यक्रम ठरतो.)

मग तीन ठिकाणं ठरवा. ठिकाण म्हणजे ‘जिथे गर्दी असते’ ते नव्हे. जिथे तुमची नजर कारण नसताना दोन-तीनदा गेली ते. कारण आज शोधू नका.

> तपासणी: वहीत तीन ठिकाणं, प्रत्येकाची उजेडाची वेळ आणि तिथे माणसं काय करतात याचं एक क्रियापद लिहिलेलं आहे का? ‘बाक, ९ वाजता, सरकून बसतात.’ एवढं पुरे. विशेषणं लिहिली असतील तर खोडा.

टप्पा २. दुसरा रविवार: अंतर आणि उंची

आज एकाच प्रकारचा विषय घ्या: बाकावर बसलेली माणसं. प्रत्येक वेळी तीन अंतरांवरून काढा, दोन पावलं, पाच पावलं, बारा पावलं. आणि दोन उंचींवरून: उभं राहून, आणि बसलेल्याच्या डोळ्याच्या उंचीला कॅमेरा आणून, म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर. गुडघे दुखतात. सवय होते.

इथे एक गैरसमज मोडून काढू. ‘लेन्समुळे मागचं जवळ येतं’ असं म्हणतात. माणूस आणि मागची वस्तू यांच्या आकाराचं प्रमाण लेन्सवर नाही, तुम्ही किती लांब उभे आहात यावर ठरतं. समजा, माणूस तुमच्यापासून २ मीटरवर आहे आणि त्याच्या मागे ६ मीटरवर एसटी उभी आहे. तुमच्यापासून एसटी ८ मीटर, प्रमाण १:४. आता चार मीटर मागे सरका. माणूस ६ मीटरवर, एसटी १२ मीटरवर, प्रमाण १:२. म्हणजे त्या माणसाच्या तुलनेत एसटी दुप्पट मोठी झाली. जवळून काढलेला म्हातारा गाडीपेक्षा मोठा दिसतो, लांबून काढलेला तोच म्हातारा गाडीच्या दाराशी बापुडवाणा उभा राहतो. माणूस तोच, गाडी तीच. तुमचं मत बदललं, आणि ते पायांनी बदललं.

म्हणून अंतर ही तुमच्या बोलण्यातली पहिली गोष्ट. झूम चिकटपट्टीखाली घातला तो याचसाठी. झूम फिरवणारा माणूस हे मत न ठरवताच देऊन टाकतो.

उंचीचंही तसंच. उभं राहून बसलेल्याचा फोटो काढला की आपण त्याच्याकडे खाली बघतो, मागे जमीन येते आणि फरशीवरचा कचरा फोटोत शिरतो. खाली बसलात की मागे समोरचा फलाट, गाडीची पाटी, उभ्या माणसांचे हात येतात.

उभे खांब असलेल्या जागी आणखी एक काळजी: कॅमेरा वर किंवा खाली झुकवला की खांब एकमेकांकडे कलतात. कललेले खांब मुद्दाम हवे असतील तर भरपूर कलवा. किंचित कललेला खांब ही चूकच दिसते.

> नेहमीची चूक: रुंद लेन्सने जवळून काढताना चेहरा कोपऱ्यात जाऊ देणं. मोबाइलवर कोपऱ्यातलं डोकं ताणून भोपळ्यासारखं होतं. जवळच्या माणसाला मध्याकडे घ्या, कोपऱ्यात खांब, बाक, सामान येऊ द्या.

टप्पा ३. तिसरा रविवार, पहिला तास: कडा

या एका तासासाठी पुढचं सगळं आहे असं म्हटलं तरी चालेल, म्हणून इथे जरा थांबतो.

माणूस फोटो काढताना मधे बघतो. ज्याला काढायचं त्याच्या डोळ्यात, हातात. कडांकडे कोणी बघत नाही, आणि फोटो तर कडांनीच बनतो. कड म्हणजे तुम्ही जगाला कुठे कापलं ती जागा. तर सवय अशी लावायची: फोकस झाला की बोट दाबण्याआधी नजर वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून घड्याळाच्या दिशेने चारही कडांवरून एक चक्कर मारून येते. सुरुवातीला चार-पाच सेकंद लागतात, तेवढ्यात माणूस उठून जातो. जाऊ द्या. आज फोटो मिळवायचे नाहीत, चक्कर बसवायची आहे.

कडेला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल तीनच उत्तरं मान्य आहेत: पूर्ण आत, पूर्ण बाहेर, किंवा ठसठशीत कापलेली. चौथं उत्तर, ‘जेमतेम शिवलेली’, हे बाद. एसटीच्या आरशाचं टोक कडेला टेकलंय, कंडक्टरची टोपी वरच्या कडेला घासतेय, चपलेचा अंगठा खाली लोंबतोय: ही सगळी न घेतलेल्या निर्णयांची पिल्लं. माणूस कापायचाच असेल तर सांध्यावर कापू नका. मनगट, घोटा, गुडघा इथे कापलं की अवयव तुटल्यासारखा दिसतो. दंडाच्या, मांडीच्या किंवा पोटरीच्या मध्यावर कापलं की शरीर फ्रेमबाहेर पुढे चालू आहे असं वाटतं.

हे झालं व्याकरण. तुमचा स्वर यापुढे सुरू होतो. एकच दृश्य घ्या, समजा बाकावर तिघं बसलेत, आणि तीन वेळा कापा. पहिल्यात तिघंही पूर्ण, भोवती मोकळी जागा. दुसऱ्यात मधला पूर्ण, बाजूचे दोघं अर्धे. तिसऱ्यात कोणाचंच डोकं नाही, फक्त मांडीवरचे हात आणि पायाशी पिशव्या. पहिला फोटो म्हणतो ‘ही तीन माणसं’. दुसरा म्हणतो ‘हा एक, आणि इतर’. तिसरा म्हणतो ‘प्रवास’. तिन्हींचं कंपोझिशन बरोबर असू शकतं. तुमचा हात कुठे सहज जातो ते वहीत लिहा.

> तपासणी: साध्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये साधारण ९५ टक्केच फ्रेम दिसते. कडांना तुम्हाला न दिसलेलं काहीतरी फोटोत येतंच. म्हणून अशा कॅमेऱ्यावर दर चार-पाच फोटोंनंतर मागच्या स्क्रीनवर फक्त कडा बघा. मिररलेस आणि मोबाइलवाल्यांना पूर्ण फ्रेम दिसते, त्यांना ही सबब नाही.

टप्पा ४. तिसरा रविवार, दुसरा तास: घर आधी, पाहुणा नंतर

पहिल्या रविवारी ठरवलेल्या ठिकाणी जा. माणूस सोडून बाकी फ्रेम पूर्ण लावा: खांब कुठे, सावलीची रेघ कुठे, चौकशीची खिडकी कुठे. माणसाला जागा रिकामी सोडा आणि फोकस त्या जागेवर अडकवून ठेवा. मग थांबा. वीस मिनिटं, तीस मिनिटं. एका ठिकाणी तीसेक फ्रेम होईपर्यंत हलायचं नाही.

माणसाच्या मागे धावलं की मागचं दृश्य नशिबावर सोडलं जातं आणि डोक्यातून खांब उगवतो, कानातून सूचनाफलक निघतो. घर आधी लावलं की पाहुणा येतो तेव्हा तुमचं लक्ष फक्त एका गोष्टीवर राहतं, तो नेमका कुठे पोचल्यावर दाबायचं. डोकं आणि खांब यांच्यामध्ये फट दिसते का? चालणाऱ्याच्या दोन पायांमध्ये उजेड दिसतो का? नसेल तर अर्धं पाऊल डावीकडे. बहुतेक वेळा अर्धं पाऊल पुरतं. लोक तीन पावलं सरकतात आणि लावलेलं सगळं घर मोडतात.

टप्पा ५. चौथा रविवार: थर

आज फ्रेममध्ये किमान दोन थर: जवळ काहीतरी, लांब काहीतरी. एसटीचं उघडं दार, खिडकीचे गज, रसवंतीच्या चरकामागून दिसणारा फलाट, दोन उभ्या माणसांमधली फट.

चौकटीतली चौकट ही सगळ्यात वापरून गुळगुळीत झालेली युक्ती आहे, त्यामुळे एक कसोटी लावा. फोटोतली आतली चौकट बोटाने झाका. आतल्या माणसाची गोष्ट जशीच्या तशी राहिली तर ती चौकट नुसती महिरप होती. रघुबीर सिंग यांनी ॲम्बेसेडर गाडीची दारं, काचा आणि आरसे यांतून भारताचे फोटो काढले. तिथे गाडी काढून टाकली तर फोटो उरत नाही, कारण गाडी रस्त्याचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात वेगळं काहीतरी चाललेलं असतं. एसटीची खिडकीही तुकडेच करते. प्रत्येक तुकड्याला काम आहे का ते बघा.

थरांमध्ये डोक्यावर डोकं चढणं टाळा. दोन चेहरे एकमेकांना अर्धे झाकत असतील तर थांबा किंवा चार बोटं सरका.

टप्पा ६. आठवड्यातल्या संध्याकाळी: प्रिंट आणि गठ्ठे

आता हातात तीनशेच्या आसपास फोटो असतील. यातून ‘चांगले’ निवडू नका. पुन्हा सांगतो, कारण मी स्वतः इथेच फसलो होतो: चांगले निवडू नका. चांगला म्हणजे आपल्याला कोणाचा तरी आधी पाहिलेला फोटो आठवतो तो. असे वीस निवडलेत तर ते वीस वेगवेगळ्या लोकांनी काढल्यासारखे दिसतील आणि तुमचा हात कुठे गेला ते कळणारच नाही. फक्त हललेले, फोकस चुकलेले आणि अगदी जुळे फोटो काढून टाका. उरलेल्यांतून प्रत्येक रविवारचे वीस, असे साठ घ्या.

साठही ४×६ इंचात प्रिंट करा. ३:२ फ्रेम ४×६ मध्ये नेमकी बसते. मोबाइलची ४:३ फ्रेम बसत नाही. लॅबवाला ती भरून काढायला वरून-खालून मिळून जवळपास नववा हिस्सा कापतो, आणि तुम्ही महिनाभर सांभाळलेल्या कडा त्याच्या कचऱ्याच्या डब्यात जातात. स्पष्ट सांगा: ‘पूर्ण फोटो, कडेला पांढरं राहिलं तरी चालेल.’

सतरंजीवर मांडा. प्रत्येक प्रिंटच्या मागे बारीक मार्करने पाच गोष्टी लिहा (शाई वाळू द्या, नाहीतर खालच्या फोटोला लागते):

१. अंतर: जवळ, मधलं, लांब
२. उंची: उभ्याची, बसलेल्याची, त्याहून खाली
३. माणूस कुठल्या बाजूने: समोरून, बाजूने, पाठमोरा
४. कडेला काय कापलं
५. रिकामी जागा कुठे आणि किती

मग गठ्ठे करा. विषयाप्रमाणे नव्हे: ‘म्हातारे’, ‘मुलं’, ‘कंडक्टर’ असे गठ्ठे निरुपयोगी. आधी अंतराप्रमाणे, मोजा. मोडा, उंचीप्रमाणे, मोजा. असे पाच वेळा. त्यानंतर सगळे फोटो उलटे, डोकं खाली पाय वर करून ठेवा आणि पुन्हा बघा. उलट्या फोटोत चेहरे वाचता येत नाहीत, वजन दिसतं. काळं कुठे साचलंय, रेघा कुठून कुठे जातात.

माझ्या साठांत एकेचाळीस पाठमोरे निघाले. मला वर्षभर वाटत होतं की पाठमोरी माणसं ही माझी शैली आहे, गूढ वगैरे. दुसरी गोष्ट मला दिसलीच नव्हती, ती आईने दाखवली.

इथे एक काम कराच. फोटोग्राफीशी संबंध नसलेल्या माणसाला बोलवा. ‘कसे आहेत?’ विचारू नका, ‘छान’ हेच उत्तर येतं. विचारा: ‘यातले कुठले फोटो एकाच माणसाने काढल्यासारखे वाटतात?’ आईने अकरा फोटो बाजूला काढले आणि म्हणाली, ‘ही सगळी वाटणी झालेल्या भावांसारखी बसलीत.’ बघितलं तर खरंच. अकराच्या अकरा फोटोंत दोन माणसांच्या मधोमध एखादा खांब, गाडीच्या दाराची कड नाहीतर सावलीची रेघ आलेली. मी ती एकदाही ठरवून घेतली नव्हती.

> तपासणी: या टप्प्याअखेर हातात दोन-तीन सवयी हव्यात, आकड्यांसकट. ‘मला उदास फोटो आवडतात’ ही सवय नव्हे. ‘साठांतल्या चौतीसमध्ये वरचा अर्धा भाग रिकामा आहे’ ही सवय.

टप्पा ७. पाचवा रविवार: उलट करा

सापडलेली प्रत्येक सवय म्हणजे तुमचा स्वर, असं नाही. काही सवयी भीतीच्या असतात, काही आळसाच्या. पाठमोरे फोटो कारण नजरेला नजर द्यायची नाही. लांबून फोटो कारण कोणी ओरडेल. उभ्याने फोटो कारण गुडघे.

म्हणून आज प्रत्येक सवयीच्या नेमकं उलट करायचं. मी दिवसभर समोरून काढले, विचारून काढले. मधे खांब येऊ द्यायचा नाही असाही नियम केला.

संध्याकाळी फोटो बघताना दोन प्रश्न. पहिला: उलट केल्यावर सुटल्यासारखं झालं का? समोरून काढलेल्या फोटोंत एकदम जीव आला होता. म्हणजे पाठमोरं असणं ही माझी पळवाट होती. गेली. दुसरा: बंदी घातलेली गोष्ट मागच्या दाराने परत आली का? खांब टाळले होते, पण फोटोंत दोघांच्या मधे एकदा पत्र्याची पेटी आली, एकदा म्हाताऱ्याची काठी, एकदा उभी केलेली छत्री. बंदी असून जे परत येतं ते ठेवायचं.

> नेहमीची चूक: हा रविवार ‘वेगळेपणाचा प्रयोग’ म्हणून तिरके, हललेले, आरपार धूसर फोटो काढण्यात घालवणं. उलट म्हणजे तुमच्या यादीच्या उलट. यादी नसेल तर मागच्या टप्प्यावर जा.

टप्पा ८. वाक्य, आणि सहावा रविवार

निघण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. त्यात अंतर, उंची, कड आणि जे परत आलं ते, हे चारही यायला हवेत. माझं असं होतं: ‘एका बाकावर बसलेल्यांच्या मधे काय येतं ते मी समोरून, पाच पावलांवरून, त्यांच्या डोळ्याच्या उंचीला येऊन, पाय न कापता दाखवतो.’

वाक्य जमलं की नाही ते ओळखायची खूण सोपी आहे. दुसऱ्या कोणाला ते दिलं तर तो स्टँडवर जाऊन फोटो काढू शकेल का? ‘मी सामान्य माणसाच्या भावना टिपतो’ हे वाक्य घेऊन तो नुसता उभा राहील.

मग ते वाक्य घेऊन जा आणि आडवं-तिडवं काही न करता फक्त तेच काढा. जेमतेम चाळीस-पन्नास फ्रेम होतील. पहिल्या तासात सगळं कृत्रिम वाटतं, कारण आता तुम्हाला माहीत आहे तुम्ही काय करताय. तेही जाऊ द्या. दुसऱ्या तासात रेघेच्या दोन्ही बाजूंना काय चाललंय इकडे लक्ष जाऊ लागतं, आणि रेघ आपोआप जागेवर येते.

टप्पा ९. दहा फोटो, आणि आता रंग

सगळ्या रविवारांतून दहा निवडा, फक्त वाक्याच्या कसोटीवर. क्रॉप करायचं तर कडेचा किरकोळ भाग. दहाव्या हिश्शापेक्षा जास्त कापावं लागत असेल तर फोटो पुन्हा काढायला जा, स्टँड कुठे पळून जात नाही.

रंगाचा निर्णय दहांसाठी मिळून एकच. रॉ फाइल उघडून रंग परत आणा आणि बघा: लाल रंग नजर ओढून दुसरीकडे नेतो की मुख्य गोष्टीवर आणतो? माझ्या दहांत लाल रंग दोघांमधली रेघ पुसत होता, म्हणून कृष्णधवल राहिले. तुमच्या वाक्यात गाडीच महत्त्वाची असेल तर रंग ठेवा. प्रीसेट लावायचाच असेल तर इथे लावा, सगळ्यांना एक.

अकरावा फोटो नेहमी त्रास देतो. सुंदर असतो, दहांत बसत नाही, आणि त्याच्यासाठी दहांतला एक साधा फोटो बाहेर काढावासा वाटतो. काढू नका. अकराव्याला वेगळ्या पाकिटात ठेवा. अशा पाकिटात सात-आठ जमले की त्यांच्या मागेही मार्करने त्याच पाच गोष्टी लिहा.

दहा प्रिंटचा एक संच कंट्रोलरच्या खोलीत नेऊन द्या, आणि ज्यांचे चेहरे ओळखीचे झालेत, रसवंतीवाला, पेपरवाला, त्यांना त्यांचे फोटो. आमच्या स्टँडवर त्यातला एक चौकशीच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेला आहे. चिकटवणाऱ्याने पांढरी कड कापून टाकली.